स्टिकर आय-सेव्हनचं, खेळ चिपचा

२०२०च्या उन्हाळ्यात शाळा-कॉलेजं बंद झाली आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत पहिल्यांदा लॅपटॉप आला. ऑनलाइन तासांसाठी म्हणून आला. कुणी त्यासाठी एफडी मोडली, कुणी हप्ते बांधून घेतले, कुणाला मुंबईच्या मामाने आपल्या ऑफिसातला जुना पाठवून दिला. विकत घेताना बहुतेकांनी दुकानदाराला एकच प्रश्न विचारला, आय-फाइव्ह की आय-सेव्हन? ज्यांना परवडत होतं त्यांनी आय-सेव्हन घेतला, कारण पाचापेक्षा सात मोठे. त्या वेळी दहावीत असलेली मुलं आता इंजिनिअर व्हायला आलीत. लॅपटॉप मात्र तोच आहे. त्याचे हिंज खिळखिळे झालेत, बॅटरी पाऊण तासात मान टाकते, आणि त्याच्यावर आता ‘ब्लॅक मिथ: वुकाँग’ हा गेम चालवायचा आहे.

चालेल का, या प्रश्नाचं उत्तर मिळण्याची मुंबईतली जुनी जागा म्हणजे ग्रँट रोड स्टेशनबाहेरचा लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं लिहिलेलं असतं, पण गिऱ्हाईक, हमाल, टॅक्सीवाला सगळे अजून लॉर्ड लॅमिंग्टनचंच नाव घेतात. याच रस्त्यावरच्या मिनर्वात ‘शोले’ पाच वर्षं चालला. रेडिओचे सुटे भाग विकणारी इथली दुकानं पुढे कॉम्प्युटरकडे वळली, आणि एके काळी पायरेटेड गेमच्या सीड्यांसाठी हा रस्ता इतका प्रसिद्ध झाला की त्याचं नाव अमेरिकेच्या व्यापार प्रतिनिधी कार्यालयाच्या बदनाम बाजारांच्या यादीत गेलं. सीड्या संपल्या. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात २०१५पासून रुपयांत किमती दिसू लागल्या आणि मुलं गेम विकत घेऊ लागली. रस्त्यावर राहिलं ते दुरुस्तीचं काम, ज्याला इथे चिप लेव्हल म्हणतात.

अशाच एका दुकानाच्या पोटमाळ्यावर पन्नाशीचे एक कारागीर बसतात. मूळचे रत्नागिरीकडचे. सगळे त्यांना काका म्हणतात. मी गेलो तेव्हा समोर वसईहून आलेले एक गृहस्थ आणि त्यांचा मुलगा होता. गृहस्थ जरा तापलेलेच होते.

“अहो, आय-सेव्हन आहे हा! तेव्हा सत्तर हजार मोजलेत. आणि त्याच्या मित्राच्या आय-फाइव्हवर गेम चालतो, याच्यावर का नाही?”

काकांनी लॅपटॉप उलटाही केला नाही. विंडोजमधली माहिती उघडली आणि स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. “साहेब, शेवटचं अक्षर बघा. यू आहे. आय-सेव्हन दहा हजार पाचशे दहा यू. हा ऑफिसचा प्रोसेसर. बॅटरी वाचवायला बनवलाय. याच्या मित्राचा एच असणार.”

मित्राचा खरंच एच होता.

दुकानात खुर्ची टाकून बसलात तर हा संवाद वेगवेगळ्या आवाजांत ऐकू येत राहतो. इंटेलच्या नामावळीत ‘यू’ म्हणजे साधारण १५ वॉटवर चालणारी चिप आणि ‘एच’ म्हणजे ४५ वॉटची. आय-सेव्हन ७५०० यूमध्ये तर कोरच दोन होते, आणि पुढच्या पिढीच्या आय-फाइव्ह ८३०० एचमध्ये चार. तरी स्टिकरवर पहिलाच मोठा दिसायचा. पण हाही मुद्दा दुय्यमच. गेम मुख्यतः चालतो ग्राफिक्स चिपवर, आणि तिचं स्टिकर एक तर नसतं किंवा एवढंसं असतं. वसईच्या लॅपटॉपमध्ये एमएक्स २५० होती, दोन जीबीची. त्याच सुमाराच्या आय-फाइव्ह लॅपटॉपांत जीटीएक्स १६५० यायची, चार जीबीची आणि ताकदीने दुपटीहून जास्त. म्हणजे वसईच्या गृहस्थांनी पैसे जास्त मोजले होते, पण गेमच्या दृष्टीने चुकीच्या चिपवर.

“मग ग्राफिक कार्ड बदलून द्या,” मुलगा म्हणाला.

डेस्कटॉपवर वाढलेल्यांना ही मागणी रास्त वाटते. तिथे खोका उघडायचा, जुनं कार्ड उपसायचं, नवं बसवायचं. लॅपटॉपमध्ये एके काळी निदान प्रोसेसर तरी सॉकेटात बसायचा. इंटेलच्या चौथ्या पिढीपर्यंत, म्हणजे २०१३-१४च्या काही मॉडेलांत, तो स्क्रू-ड्रायव्हरने सैल करून काढता येई. पाचव्या पिढीपासून तो बोर्डावर सोल्डर होऊनच येऊ लागला. ग्राफिक्ससाठी एमएक्सएम नावाचं काढघाल करता येणारं कार्ड होतं, पण ते मोजक्या जाडजूड मॉडेलांपुरतं राहिलं आणि त्यातही कंपनीचा बायोस दुसरं कार्ड ओळखेलच याचा भरवसा नव्हता. बाकी सगळीकडे ग्राफिक्स चिप बोर्डाचाच भाग. काका हीट गनने ती उतरवू शकतात, रीबॉल करून, म्हणजे खालचे सोल्डरचे गोळे नवे लावून, परत बसवू शकतात, पण त्याच जातीची. वरच्या जातीची नाही.

बाहेरून कार्ड जोडायची सोय आहे. थंडरबोल्ट ३ पोर्ट असेल तर डबा, त्यात डेस्कटॉपचं कार्ड, त्याला वेगळा पॉवर सप्लाय. वाय-फायच्या किंवा एसएसडीच्या खाचेतून वायर काढून कार्ड चालवणारे हौशी लोकही आहेत. हे सगळं चालतं, मी पाहिलं आहे. पण एवढा जामानिमा टेबलावर मांडल्यावर लॅपटॉपचं लॅपटॉपपण संपतं आणि त्या पैशांत जुना डेस्कटॉप आला असता. छंद म्हणून ठीक.

तेव्हा जुन्या लॅपटॉपचं अपग्रेड म्हणजे त्याची ताकद वाढवणं नव्हे. जी ताकद त्यात आहे आणि कशाने तरी अडून बसली आहे, ती मोकळी करणं. अडवणारे तीन असतात: रॅम, हार्ड डिस्क आणि उष्णता. तिघांवरही इलाज आहे, मात्र चिप मुळातच तोकडी असेल तर तिघे मिळूनही काही करत नाहीत. हे ज्याला आधी कळलं त्याचे पैसे वाचले.

रॅमचं गणित सोपं आहे. ‘वुकाँग’ची किमान मागणीच १६ जीबीची. आठ जीबीत विंडोज, उघडा राहिलेला क्रोम आणि मित्रांशी बोलायला लावलेला डिस्कॉर्ड यांनी निम्मी जागा आधीच खाल्लेली असते. पण किती जीबी यापेक्षा किती काड्या, हे पुष्कळदा जास्त मोलाचं. ज्या लॅपटॉपला स्वतंत्र ग्राफिक्स चिप नाही, तिथे प्रोसेसरमधलं ग्राफिक्स रॅममधूनच काम करतं. आठची एक काडी असेल तर वाट एकपदरी. आठच्या दोन टाकल्या की दुपदरी. रायझनच्या व्हेगा ग्राफिक्सवाल्या लॅपटॉपांत या एका बदलाने फ्रेम, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रं, ठळक वाढलेली दिसतात, बाकी काहीही न बदलता. बघून घ्यायचं ते असं की रॅम बोर्डावर सोल्डर तर नाही ना, खाच एक आहे की दोन, आणि जात कोणती. डीडीआर ३, ४, ५ यांच्या खाचेच्या जागा वेगळ्या आहेत, एक दुसरीत बसत नाही.

हे अपग्रेड कालपरवापर्यंत स्वस्त होतं. २०२५च्या उत्तरार्धात एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचे कारखाने आपल्याकडे ओढले आणि किमती भडकल्या. डिसेंबरमध्ये मायक्रॉनने क्रुशल हा घरगुती ग्राहकांसाठीचा ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. त्यानंतर मेलेल्या लॅपटॉपमधल्या काड्यांनाही भाव आला. काकांच्या खणात पूर्वी त्या रबर लावून पडलेल्या असायच्या, आता डबीत आहेत आणि डबी कुलपात.

हार्ड डिस्कबद्दल फार लिहायला नको. फिरणारी डिस्क सेकंदाला शंभर एमबीच्या आसपास देते, साधी साटा एसएसडी साडेपाचशे, एनव्हीएमई त्याच्याही कितीतरी पट. ‘स्टारफील्ड’ने २०२३मध्ये एसएसडी सक्तीची केली, ‘सायबरपंक २०७७’ने त्याच वर्षी आपल्या किमान मागणीतून हार्ड डिस्क काढून टाकली. फ्रेम वाढत नाहीत, पण रस्त्यावरून गाडी पळवताना समोरची इमारत उगवायला वेळ लागतो तो प्रकार थांबतो. फसगत होते ती एम डॉट टू खाचेत. काही जुन्या लॅपटॉपांत ती दिसायला एनव्हीएमईचीच असते, पण आतून फक्त साटा. चुकीची काडी बसते, पण दिसत नाही.

उष्णतेकडे मात्र जरा थांबून बघितलं पाहिजे, कारण लोक सगळ्यात कमी लक्ष तिच्याकडे देतात आणि सगळ्यात जास्त फरक पुष्कळदा तिथेच पडतो.

काकांनी एक दुसरा लॅपटॉप उघडला. गेमिंगचा, लाल दिव्यांचा, जीटीएक्स १६५०वाला. तक्रार अशी की सुरुवातीची दहा मिनिटं छान चालतो आणि मग गेम अडखळायला लागतो. खालचे स्क्रू एका चुंबकाच्या ताटलीत, लांब वेगळे आणि आखूड वेगळे. झाकण प्लास्टिकच्या पातीने कडेकडेने सोडवलं. पहिलं काम बॅटरीची वायर काढण्याचं. मग फॅन. फॅनच्या मागे तांब्याच्या पातळ पात्या असतात, त्यांच्यातून गरम हवा बाहेर जाते. फॅन उचलला तर त्या पात्यांच्या तोंडावर धुळीची राखाडी पट्टी, करंगळीएवढी जाड. चिमट्याने धरली, अख्खी निघाली. मांजर पाळलेल्या घरचा लॅपटॉप आहे, हे काकांनी तिथेच सांगितलं.

खरी गोष्ट त्याच्या खाली होती. प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिपवर तांब्याची नळी टेकते, त्यांच्यामध्ये उष्णता वाहून न्यायला पेस्ट लावलेली असते. पाच-सहा वर्षांत ती वाळते. इथे ती खडू झाली होती, नखाने खरवडली तर पापुद्रे उडाले, आणि चिपच्या एका कोपऱ्यावर उरलीच नव्हती. काकांनी आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवला, चिप आरशासारखी लखलखीत केली, मधोमध नव्या पेस्टचा थेंब ठेवला. मेमरीच्या काळ्या चौकोनांवरच्या निळ्या थर्मल पट्ट्या त्यांनी शाबूत ठेवल्या. नवशिके तिथे पेस्ट फासतात आणि मेमरी जाळतात, असं ते म्हणाले. स्क्रू तिरके तिरके, थोडे थोडे आवळले, नळीवर आकडे कोरलेले असतात त्या क्रमाने.

आधी प्रोसेसर पंच्याण्णव अंशांच्या पुढे जाऊन स्वतःच वेग कमी करत होता. तो त्याचा जीव वाचवण्याचा उपाय. त्यालाच थ्रॉटलिंग म्हणतात आणि वापरणाऱ्याला वाटतं लॅपटॉप जुना झाला. पेस्टनंतर तोच गेम, तीच जागा, आकडा ऐंशीच्या थोडा वर राहिला आणि अर्ध्या तासानेही अडखळला नाही. नवी कुठली वस्तू टाकली नव्हती.

विदर्भातल्या माणसाने यात आणखी एक हिशेब धरावा. चिप खोलीपेक्षा अमुक इतके अंश जास्त तापते. नागपूर-अकोल्याकडे मेमध्ये खोलीच चाळिसाला टेकली की जानेवारीत सुरळीत चाललेला गेम उन्हाळ्यात मार खातो. त्यावर एक फुकटचा उपाय आहे. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा शंभरऐवजी नव्याण्णव टक्के केली की टर्बो, म्हणजे प्रोसेसरचा वाढीव वेग, बंद होतो, प्रोसेसर बराच थंड राहतो, आणि गेम ग्राफिक्स चिपवर अडलेला असेल तर फ्रेममध्ये फारसा फरक पडत नाही. पूर्वी लोक प्रोसेसरचा व्होल्टेज कमी करून हेच साधायचे. २०१९च्या डिसेंबरात प्लंडरव्होल्ट नावाची सुरक्षेची फट उघड झाली आणि त्यानंतरच्या बायोस अपडेटांनी अनेक लॅपटॉपांतला तो मार्ग बंद केला.

इतकं सगळं केल्यावर भिंत लागते ती ग्राफिक्स मेमरीची. ही रॅम वेगळी, चिपच्या शेजारी सोल्डर केलेली, वाढवता न येणारी. गेममधल्या भिंती, कपडे, चेहरे यांची चित्रं, म्हणजे टेक्स्चर, तिच्यात ठेवावी लागतात. ती अपुरी पडली की ओट्यावर जागा नाही म्हणून प्रत्येक डबा माळ्यावरून काढत स्वयंपाक करावा, तशी गत होते. चार जीबी भरली की उरलेलं साध्या रॅममध्ये जातं, तिथून येईपर्यंत चित्र थबकतं. सरासरी फ्रेम पन्नास दिसते आणि तरी खेळवत नाही, त्याचं कारण बहुधा हेच. साठ फ्रेम म्हणजे प्रत्येक चित्राला जेमतेम १६.७ मिलिसेकंद. एखादं चित्र शंभर मिलिसेकंदांवर गेलं की डोळ्याला झटका बसतो. अशा वेळी सगळं ‘लो’ करण्याआधी टेक्स्चर एवढंच एक उतरवून बघावं.

दुसरी भिंत त्याहून कठीण. २०२३च्या ऑक्टोबरात आलेल्या ‘ॲलन वेक २’ने मेश शेडर नावाची सोय मागितली, ती जीटीएक्स १० मालिकेत नव्हतीच. पुढच्या मार्चमध्ये गेमच्या कंपनीने जुन्या कार्डांसाठी सुधारणा दिली, पण कल कळला. डिसेंबर २०२४चा ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ आणि २०२५चा ‘डूम: द डार्क एजेस’ रे ट्रेसिंगची सोय चिपमध्येच असल्याशिवाय चालत नाहीत. तिथे सेटिंग खाली आणून भागत नाही. आणि एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५नंतर १० मालिकेसाठी नव्या गेमचे ड्रायव्हर देणं थांबवलं, फक्त सुरक्षेचे अपडेट २०२८पर्यंत. वसईची एमएक्स २५० त्याच वंशातली. त्याच महिन्याच्या १४ तारखेला विंडोज १०चा नियमित आधारही संपला. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे. त्याआधीच्यावर आडमार्गाने टाकता येतं, पण ‘व्हॅलोरंट’ हा गेम विंडोज ११वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी तपासतो आणि नसतील तर दारातूनच परत पाठवतो.

एक दिलासा आहे. २०२१मध्ये एएमडीने एफएसआर आणलं. गेम कमी रिझोल्यूशनवर रंगवायचा आणि मोठा करून दाखवायचा. १०८०पी म्हणजे २०,७३,६०० बिंदू, ७२०पी म्हणजे ९,२१,६००. काम निम्म्याहून खाली. एनव्हिडियाचं डीएलएसएस हेच जास्त सफाईने करतं, पण आरटीएक्स लागतं. एफएसआर जीटीएक्सवरही चालतं. पंधरा इंची स्क्रीनवर थोडा धूसरपणा मला तरी खपतो. चोवीस इंची मॉनिटरला जोडलात तर खपणार नाही.

वसईच्या मुलाला काकांनी रॅमची दुसरी काडी विकली नाही. “पैसे माझे होतील, गेम तुझा नाही व्हायचा,” असं स्पष्ट सांगितलं. मग त्याला विचारलं, वुकाँग सोडून काय काय खेळायचं आहे? मुलाने फोनवरची यादी दाखवली. तिच्यात ‘हॉलो नाइट: सिल्कसाँग’ होता, ‘हेडीस २’ होता, दोन्ही सप्टेंबर २०२५चे आणि दोन्ही त्या लॅपटॉपवर चालण्याजोगे. नवा गेम म्हणजे जड गेम हे समीकरण जाहिरातींनी केलंय. पुण्याच्या नॉडिंग हेड्सने केलेला ‘राजी’ २०२०चा, किल्ले-राजवाड्यांची भित्तिचित्रं जिवंत व्हावीत असा देखणा, आणि त्याला राक्षसी चिप लागत नाही. ‘विचर ३’ आणि ‘जीटीए ५’ पीसीवर २०१५पासून आहेत, सेलमध्ये निम्म्याहून खाली येतात. मुलाचा चेहरा काही फार खुलला नाही. मित्र वुकाँग खेळतात, त्याला वुकाँगच हवा.

तेव्हा वडिलांनी विषय बदलला. हा विकून सेकंड हँडमध्ये दुसरा घेतला तर?

इथे काकांचा सल्ला मला सगळ्यात कामाचा वाटला, म्हणून सविस्तर देतो. वुकाँगची किमान मागणी जीटीएक्स १०६०, सहा जीबी. पण १०६० आता घेऊ नये, ड्रायव्हर संपले. सहा जीबीचं आरटीएक्स २०६० किंवा ३०६० असलेला लॅपटॉप बघावा. ३०५० स्वस्त मिळतं, पण लॅपटॉपमधलं ते बहुतेक चार जीबीचं, नव्या नावाची जुनी अडचण. नाव वाचून मात्र थांबू नये. तेच ३०६० एका बारीक लॅपटॉपमध्ये ६० वॉटवर चालतं आणि दुसऱ्या जाड लॅपटॉपमध्ये ११५वर, आणि फरक एका पायरीएवढा पडतो. विक्रेत्याला वॉट माहीत नसतात. सोपी खूण म्हणजे चार्जर. ३०६०सोबत १८० किंवा २३० वॉटची वीट असायला हवी. सोबत ९०चा डुप्लिकेट देत असतील तर लॅपटॉप चालू होईल, चार्जही होईल, पण गेममध्ये ताकद मिळणार नाही.

बजेट कमी असेल तर गेमिंगचे लाल दिवे सोडून वर्कस्टेशन शोधावं. डेल प्रिसिजन, एचपी झेडबुक, लेनोव्होची थिंकपॅड पी मालिका. कंपन्या हे भाड्याने घेतात आणि तीन-चार वर्षांनी गठ्ठ्याने सोडतात, तेच रिफर्बिश्ड म्हणून रस्त्यावर येतात. त्यांच्यातलं क्वाड्रो टी २००० म्हणजे जवळपास जीटीएक्स १६५०, तीच चिप वेगळ्या नावाने. गेम खेळणारी गिऱ्हाइकं या नावांकडे फिरकत नाहीत, म्हणून किंमत दबलेली असते. बांधणी मजबूत, रॅमच्या दोन, कधी चार खाचा, आणि दिवसभर ड्रॉइंग काढायला वापरलेले, रात्रभर गेमने तापवलेले नाहीत. या जातीचा एक धोका आहे, बायोसचा पासवर्ड. जुन्या कंपनीने तो काढला नसेल तर सिक्युअर बूट, टीपीएम कशालाही हात लावता येत नाही. म्हणून पैसे देण्याआधी बायोस उघडायला सांगावं, तिथली काही सेटिंग बदलून सेव्ह करून बघावी.

बॅटरीचा अहवाल विंडोज स्वतःच काढून देतं, एसएसडीची तब्येत क्रिस्टलडिस्कइन्फो सांगतं, ग्राफिक्स चिपची खरी ओळख जीपीयू-झेड. शेवटची दोन पेनड्राइव्हवर नेली की तिन्ही कामं दहा मिनिटांत होतात. पण खरी परीक्षा एकच. चार्जर लावून एखादा जड गेम अर्धा तास चालवायचा आणि तापमान, फॅनचा आवाज, स्क्रीनवरचे ठिपके बघत बसायचं. रीबॉल केलेली, आता जायला टेकलेली चिप पाच मिनिटं शहाण्यासारखी वागते, अर्धा तास नाही. दुकानदार कुरकुर करतो, गर्दी आहे म्हणतो, सहा महिन्यांची वॉरंटी लिहून देतो म्हणतो. वसईच्या गृहस्थांना काकांनी जाताना एवढंच सांगितलं, “साहेब, अर्धा तास चालवून बघू देत नसेल तर उठा. इथे पुढचं दुकान दहा पावलांवर आहे.”